मे महिन्यात वाळवंट सफारी?

प्रश्न : मुलांच्या मेच्या सुट्टीत जैसलमेरला वाळवंट सफारी करायचा विचार आहे. मराठवाड्याच्या उन्हाची सवय आहेच. सासूबाईही सोबत येतील. चालेल का? – एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मेमध्ये मुळीच जाऊ नका. आपण इथला उन्हाळा सोसतो तो घराच्या, झाडाच्या, कूलरच्या आधाराने. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर सावलीच नसते. पारा ४५ अंशांच्या आसपास, वर लू आणि धुळीच्या आंध्या. सासूबाईंना ते झेपणार नाही, आणि उंटांचेही हाल होतात.

दिवाळीची सुट्टी घ्या. लक्ष्मीपूजन घरी करून निघा. दुपारी ऊन लागेल, पण रात्री सुखद असतात. शिवाय अमावास्या नुकतीच सरलेली असल्याने आकाश ताऱ्यांनी भरलेलं दिसेल. चांदण्यातली वाळू पाहायची असेल, तर माघी पौर्णिमेच्या सुमारास, मरू महोत्सवाच्या दिवसांत जा. डिसेंबर-जानेवारीत दिवसाची हवा सर्वांत छान. मात्र सूर्य मावळताच वाळू झपाट्याने गार पडते, तंबूत हुडहुडी भरते. सासूबाईंसाठी पक्की खोलीच घ्या. नाताळच्या आठवड्यात समला फार गर्दी असते, त्यापेक्षा खुरी गाव शांत.

एक आग्रह : एक सकाळ मरू राष्ट्रीय उद्यानासाठी राखा. तिथला गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९मध्ये अभयारण्य झालं, तरी आपल्या माळांवरून तो जवळजवळ नाहीसा झाला. मुलांना तो दुर्बिणीतून, लांबूनच दाखवा.