पाण्याकाठचा पाहुणा

मंचर, ता. आंबेगाव

चि. ओंकार,


ताईचा, तुझ्या आईचा, फोन आला होता. तू आणि तुझे चाकणच्या कंपनीतले मित्र सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन डिंभ्याच्या काठाला जाऊन बसता आणि आता जानेवारीत हरिहरेश्वरला समुद्रावर जायचा बेत आहे, असं तिच्याकडून कळलं. ती घाबरली आहे. मी तुला ‘जाऊ नको’ म्हणून सांगावं अशी तिची इच्छा आहे. ते मी सांगणार नाही. आठवडाभर शिफ्टमध्ये मशिनपुढे उभं राहणाऱ्या पोरांनी एक दिवस मोबाइल खिशात ठेवून पाण्याकडे बघत बसावं, चार जणांनी मिळून चूल मांडून कालवण करावं, यात वाईट काहीच नाही. जा, जरूर जा. कसं जायचं तेवढं मात्र माझ्याकडून ऐक आणि हे पत्र मित्रांनाही वाचून दाखव.

माझं सगळं सांगणं एका वाक्यात मावतं. पाण्याकाठी पाहुणा होऊन जा. पाहुणा विचारून येतो, घरातली माणसं सांगतील तिथे बसतो, वाढलं तेवढंच घेतो आणि वेळेवर उठतो. हे चार नियम धरणावर जेवढे खरे आहेत तेवढेच समुद्रावरही.

आधी डिंभ्याचं बघू. घोड नदीवरच्या या धरणाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर त्यांनी प्राण दिले. सुमारे साडेबारा टीएमसी उपयुक्त साठ्याचं हे धरण कुकडी प्रकल्पातल्या पाचांपैकी एक. त्याच्या पाण्यावर खालच्या भागातला ऊस पिकतो. पण हे पाणी साठवण्यासाठी वरच्या भागातल्या महादेव कोळी आणि कातकरी माणसांची गावं, घरं, भातखाचरं बुडाली. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगावही बुडालं. शेती गेलेल्या या माणसांनी त्याच पाण्यातून पोट भरायचा मार्ग काढला. मच्छीमार सहकारी संस्था उभी केली आणि मासेमारीचा हक्क मागितला. शाश्वत संस्थेच्या कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी या लोकांना वर्षानुवर्षं साथ दिली. शाश्वतच्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला.

हे सांगायचं कारण आहे. तुम्हाला वाटत असेल, धरण सरकारचं, मासा देवाचा, आपण चार मासे धरले तर कोणाचं काय गेलं? पण कटला, रोहू, मृगळ हे मासे धरणाच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात मत्स्यबीज आणून सोडावं लागतं. बोटाएवढी पिल्लं, ज्यांना बोटुकली म्हणतात, ती विकत आणायची, सोडायची आणि मोठी होईपर्यंत वाट पाहायची. तुझ्या गळाला लागलेल्या कटल्यामागे असं कोणाचं तरी भांडवल असतं. म्हणून काठाला गेल्यावर आधी मच्छीमार संस्थेच्या माणसाला गाठ. गळ टाकू का, कुठे टाकू, असं विचार. फी सांगितली तर द्या आणि पावती घ्या. नाही म्हणाले तर वाद घालू नका, त्यांच्याकडून ताजा मासा विकत घ्या आणि चूल पेटवा. तुमची सहल त्याने उणी होणार नाही.

विचारण्याचा दुसरा फायदा असा, की जाळी कुठे लावली आहेत ते कळतं. तिथली माणसं ट्रकच्या ट्यूबवर बसून हाताने वल्हवत जातात आणि संध्याकाळी जाळं लावून येतात. पाण्याच्या वर दिसतात ते फक्त प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे तरंगते तुकडे. तुझा गळ त्यात अडकला आणि तू जोर लावून ओढलास, तर तुझं काही रुपयांचं नुकसान होईल, त्यांचं जाळं फाटेल. अशा बाटल्या दिसल्या की तिथून दूर सरकायचं.

उन्हाळ्याकडे पाणी मागे हटतं तसतशी काठाची ओली जमीन उघडी पडते. तिथे लोक गाळपेर करतात. वरून ती मोकळी ओल दिसते, पण नीट पाहिलंस तर ओळीने उगवलेले कोंब दिसतात. त्यातून गाड्या घालू नका, तिथे चूल मांडू नका. आणि काचेची बाटली काठाला नेऊच नका. फुटलेली काच गाळात रुतून बसते आणि पुढच्या वर्षी पेरणीला उतरलेल्या बाईच्या अनवाणी पायात घुसते. दारूबद्दल वेगळं लिहीत नाही. पाण्याकाठी प्यायची नाही. इथे मामा म्हणून मी हुकूम करतो आहे असं समज.

आता मासेमारीच्या कसबाबद्दल. घाई करणाऱ्याला गळ साथ देत नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तुम्ही सगळे एकाच खोलीवर आमिष सोडून बसलात तर दिवस फुकट जाईल. कणकेत थोडी शेंगदाण्याची पेंड मळून घट्ट गोळी कर, म्हणजे पाण्यात लगेच विरघळत नाही. बॅकवॉटरकडचे एक म्हातारबाबा मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे ना रीळ, ना काठी. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, डाव्या हाताच्या तर्जनीवरून सोडलेला, बोटाचं टोक ओलं ठेवलेलं आणि नजर भलतीकडेच. चिलापी बारीक टोचण्या देत राहते तेव्हा ते हलायचे नाहीत. ओढ एकसारखी लागली, की मनगटाला हलका झटका द्यायचे, तेवढाच. महागडं रीळ घेण्याआधी असं बोट तयार कर.

चिलापी लागली तर ठेवून घ्या. १९५२च्या सुमारास बाहेरून भारतात आणलेली ही जात आता जिथे जाईल तिथे माजते आणि इथल्या माशांचं अन्न खाते. पण अर्ध्या किलोच्या आतला कटला किंवा रोहू लागला तर सोडून द्या. खडस, म्हणजे महाशीर, केवढाही असो, सोडाच. महाडजवळ वाळणकोंडीला आणि वाड्याकडे तिळस्याला लोकांनी देवाचे म्हणून हे मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. आपणही तेवढी बूज ठेवावी. सोडताना हात आधी ओले कर, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. कल्ल्यात बोट घालू नको, वाळूत टाकून फोटो काढत बसू नको. पाण्यात धरून ठेव, शेपटी हलवायला लागला की हात सैल कर. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला जाऊ नका. ओढ्याच्या मुखाशी गाभोळीने फुगलेल्या माद्या सहज हाती लागतात, पण तेव्हा एका माशाबरोबर पुढची अख्खी पिढी मारली जाते. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणाऱ्यांची संगत तर सावलीलाही नको. १८९७च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे.

डिंभ्याच्या पाण्याखाली गाव आहे, हे विसरू नको. उन्हाळ्यात जोती, बांध, जुनी देवळं उघडी पडतात, इतर वेळी ती पाण्याखाली असतात आणि त्यांच्याबरोबर जुन्या विहिरीही. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढच्या पावलाला काय लागेल ते काठावरून कळत नाही. गाळही फसवा असतो, पाय रुतला की दुसरा पाय काढताना तोल जातो. म्हणून अडकलेला गळ सोडवायला कोणी पाण्यात उतरायचं नाही. तंगूस एका काठीला गुंडाळायचा आणि सरळ मागे चालत जायचं, तो बहुतेक वेळा गळाशीच तुटतो. तुटलेला सगळा तंगूस गोळा करून घरी आणायचा, कारण त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रातल्या खडकांवर बसू नका, पाणी केव्हाही सोडतात.

आपल्या भागात आणखी एक शेजारी आहे, बिबट्या. जुन्नरला माणिकडोहचं बिबट निवारण केंद्र काही उगाच उभं राहिलेलं नाही. मासे साफ केलेली घाण काठावर टाकली की कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. घाण खोल पुरा. दिवेलागणीच्या आधी गळ गुंडाळा. उकिडवं बसलेलं एकटं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून अंधारात कोणी एकट्याने आडोशाला जायचं नाही. उसातल्या रस्त्याने परतताना मोटारसायकली एकमेकींच्या मागोमाग चालवा.

आता समुद्र. धरण महिनोन्‌महिने हळूहळू बदलतं, समुद्र सहा तासांत बदलतो. त्याचं गणित कोकणातल्या म्हाताऱ्यांकडे सोपं आहे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जास्तीत जास्त वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. तुम्ही नवखे आहात, बेत अष्टमीच्या जवळचा आखा. हा ढोबळ हिशेब आहे, तिथे गेल्यावर गावातल्या माणसाला त्या दिवसाची वेळ विचारूनच किनाऱ्यावर उतरा.

हरिहरेश्वरच्या देवळामागचा कातळ तू फोटोत पाहिला असशील. ओहोटीला तिथून प्रदक्षिणा घालतात, भरतीला तोच मार्ग पाण्याखाली जातो. कातळाच्या टोकावर उभं राहून गळ टाकणाऱ्याची नजर पुढे असते, पाणी मात्र मागून येतं. टोक उंच असतं, मागची खाच खोल असते आणि भरती आधी खाच भरते. टोक कोरडं आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि वळून बघेपर्यंत परतीची वाट गेलेली असते. हिरवं शेवाळ दिसलं की पाय टाकू नका. कातळाचा काळा ओला पट्टा कुठपर्यंत आहे ते बघा, लाटा तिथवर येतात हे कातळानेच लिहून ठेवलेलं असतं. माझं मत विचारशील तर टोकावर जाऊच नका, खाडीच्या काठाला किंवा पुळणीवर बसा. तांबोसा, गोबरा लागला नाही तरी चालेल. शिंगाळा किंवा पाकट लागली तर हात लावू नका. शिंगाळ्याच्या पंखाचा आणि पाकटीच्या शेपटीचा काटा विषारी असतो. लागलाच, तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात धरून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. थंडीचे दिवस, स्वच्छ ऊन, वादळ नाही. अशा बातमीत मला पाण्यापेक्षा घोळक्याची भीती जास्त वाटते. एकटा माणूस पाण्याला भितो, दहा जण असले की भीती वाटून घेतली जाते आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही. म्हणून निघण्याआधी एक गोष्ट ठरवा. ‘आता पुरे’ असं तुमच्यातल्या कोणीही म्हटलं, अगदी सगळ्यात लहानाने म्हटलं, तरी सगळ्यांनी गळ गुंडाळायचे. का म्हणून विचारायचं नाही, चिडवायचं नाही, ‘अजून दहा मिनिटं’ म्हणायचं नाही. हे ज्याला मान्य नसेल त्याला बरोबर नेऊ नकोस, तो कितीही जवळचा मित्र असो.

वीस मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन नेहमी बरोबर ठेव. कोणी पाण्यात पडला तर मागे उडी मारायची नाही, कॅन दोराला बांधून फेकायचा आणि ११२ला फोन लावायचा. पोहता येणारासुद्धा घाबरलेल्या माणसाच्या मिठीत बुडतो. आणि तुमच्यापैकी कोणाकोणाला पोहता येत नाही ते आजच विचार. लाजेने कोणी आपणहून सांगणार नाही, तूच विचारायला हवंस.

पुढच्या रविवारी मी डिंभ्याला येतो. संस्थेतल्या माणसांशी तुमची ओळख करून देतो, मग पुढच्या खेपेला तुम्हाला परके वाटणार नाहीत. कोकणचा बेत तारीख आणि तिथीसकट मला लिहून पाठव. ताईला मी सांगेन की पोरगा विचारून जातो आणि वेळेवर उठतो. ते खरं ठेवणं तुझ्याकडे.



तुझा,
मामा