स्वर्गाचं दार दोन गावांत कसं?

प्रश्न : मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेस कॅथीड्रलची सोनेरी दारं पाहिली. ‘ही फ्लॉरेन्सची स्वर्गद्वारं’ असं कळलं. मूळची दारं इटलीतून उचलून आणली की काय? आणि चर्चच्या दाराला स्वर्गाचं दार का म्हणायचं?

उत्तर : मूळची दारं इटलीतच आहेत. तुम्ही पाहिली ती प्रतिकृती, पण फोटो बघून घडवलेली नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जपून ठेवण्यासाठी मूळची कांस्यदारं उतरवली होती. तेव्हा त्यांचे साचे घेतले गेले. त्याच साच्यांवरून फ्लॉरेन्समध्ये ओतलेली ही जोडी १९६४मध्ये ग्रेस कॅथीड्रलला बसली.

त्यामुळे मूळचा बारकावाही तिच्यात उतरला आहे. दहा चौकोनांत बायबलच्या जुन्या करारातल्या कथा आहेत. पुढची माणसं जवळजवळ सुटी उभी, तर मागची भिंतीवर नुसती नखाने ओढल्यासारखी. त्यातूनच खोली दिसते. कडेच्या पट्टीत गोल खोबणींमधून डोकी बाहेर आली आहेत. त्यांतलं टक्कल पडलेलं डोकं खुद्द शिल्पकार लोरेन्झो गिबर्टीचं. या एका जोडीवर त्याने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं घातली!

आता नावाचं. मुळात ही दारं फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलची नाहीतच. समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाची आहेत. बाप्तिस्म्यावाचून माणूस ख्रिस्ती मंडळीत आला असं धरत नसत, म्हणून आधी तिथला विधी, मग समोरचं मोठं चर्च. कवी दान्तेचाही बाप्तिस्मा इथलाच. ही दारं कॅथीड्रलकडे उघडतात, आणि दोन्ही इमारतींमधल्या अशा जागेला ‘पॅराडिझो’, म्हणजे स्वर्ग, म्हणत. मायकेलअँजेलोने ‘ही स्वर्गाला शोभतील’ अशा अर्थाचं कौतुक केल्याचं कलावंतांचा चरित्रकार वसारी सांगतो; मला मात्र जागेवरून नाव पडलं हेच जास्त पटतं.

तुम्ही पाहिलेल्या दारांसारखंच ग्रेस कॅथीड्रलही दिसतं तेवढं जुनं नाही; ते दगडी, मध्ययुगीन वाटतं. प्रत्यक्षात ते पोलाद-काँक्रीटचं आहे, १९२८मध्ये काम सुरू झालेलं. १९०६चा भूकंप सोसलेल्या गावात हे शहाणपणाचंच.

फ्लॉरेन्समधल्या १९६६च्या पुरात मूळ दारांचे काही चौकोन निखळून पडले. दीर्घ दुरुस्तीनंतर ती २०१२पासून फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमागच्या संग्रहालयात काचेआड आहेत. बाप्तिस्मागृहावरही १९९०पासून प्रतिकृतीच आहे. तेव्हा फ्लॉरेन्सला गेलात, तर बाहेर फोटो काढून परतू नका. संग्रहालयाचं तिकीट काढा.