लॅपटॉप घेताना नुसतं आय७ बघू नका, शेवटचं अक्षर बघा

मोबाईल ॲप बनवून द्यायचा व्यवसाय सुरू करायचा, तर पहिली मोठी खरेदी लॅपटॉपची. बरेच जण तो हप्त्यावर घेतात. म्हणून पैसे नेमके कुठे घालायचे, ते आज समजून घेऊ.

"आय७ घ्या, बिनधास्त!" हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण इंटेलच्या १२व्या पिढीतले हे दोन प्रोसेसर बघा:

• आय७-१२५५यू: २ ताकदवान कोअर, ८ काटकसरी कोअर, बेस पॉवर १५ वॅट
• आय५-१२५००एच: ४ ताकदवान कोअर, ८ काटकसरी कोअर, बेस पॉवर ४५ वॅट

'यू' म्हणजे वीज वाचवणारा, 'एच' म्हणजे सलग जोर लावणारा. नाव आय५ असलं तरी जड कामाला दुसराच सरस.

अँड्रॉइड स्टुडिओमध्ये नुसता कोड टाइप करताना फरक फारसा कळत नाही. तो कळतो बिल्डला, म्हणजे कोडचं ॲप तयार होताना. तेव्हा ग्रेडल काम वाटून अनेक कोअरना एकाच वेळी देतं. जे काम वाटता येत नाही, तिथे एका कोअरचा वेग महत्त्वाचा. म्हणून कोअरची नुसती संख्या मोजू नका.

आता धंद्याचा हिशोब. समजा, दिवसाला ३० बिल्ड होतात आणि प्रत्येकी १ मिनिट वाचलं. दिवसाचा अर्धा तास झाला. महिन्याचे २५ दिवस धरले, तर साडेबारा तास! तुमच्या तासाच्या दराने गुणा आणि मग किमतीतला फरक महाग वाटतो का, ते ठरवा.

पण सगळं बजेट प्रोसेसरवर उडवू नका. रॅम ८ जीबीच असेल, तर स्टुडिओ आणि एम्युलेटर एकत्र चालवताना ती भरते आणि चांगला प्रोसेसरही ताटकळतो. १६ जीबी रॅम आणि एसएसडी हवीच.

आणि तुम्ही फक्त वर्डप्रेसच्या वेबसाइट बनवणार असाल, तर 'यू' पुरतो. उरलेले पैसे धंद्यात वापरा.

आजचा गृहपाठ: सध्याच्या विंडोज लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू बघा. प्रोसेसरचं पूर्ण नाव वहीत लिहा. तिथेच 'व्हर्च्युअलायझेशन' बंद दिसलं, तर आधी बायॉसमध्ये जाऊन ते चालू करा. ते बंद असेल तर एम्युलेटर नीट चालत नाही, आणि दोष मात्र प्रोसेसरला मिळतो. कदाचित नवीन लॅपटॉपची गरजच पडणार नाही!