भयपटाची आरंभीची नामावली

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर जी नावे येतात ती बहुतेक प्रेक्षक वाचीत नाहीत. त्या वेळी कोणी आपली जागा शोधीत असतो, तर कोणी शेजाऱ्याशी बोलत असतो. परंतु भयपटाच्या बाबतीत हाच काळ फार मोलाचा होय. कथेस अद्याप प्रारंभ झालेला नसतो, कोणावर संकट आलेले नसते, आणि तरीही प्रेक्षकाने सावरून बसावे असे काही त्याच्या मनात उतरवावयाचे असते. हल्ली पुष्कळ विद्यार्थी मोबाइलवर दहा-बारा मिनिटांचे लहान चित्रपट तयार करितात, व त्यांत भुताखेतांच्या गोष्टींस विशेष पसंती असते. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून या नामावलीचा थोडा अभ्यास येथे मांडीत आहे.

प्रथम उदाहरणासाठी एक कथा कल्पू. आपले शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागांत वसलेले आहे. शेतीपंपांस वीज आळीपाळीने, पुष्कळदा रात्रीच मिळत आलेली असल्यामुळे रात्री बागेस पाणी द्यावयास एकट्याने जाणे म्हणजे काय, हे येथील मुलांस निराळे सांगावयास नको. एक मुलगा असाच रात्री पाणी फिरवावयास जातो. एका आळ्याचे पाणी तोडून तो दुसऱ्या आळ्याकडे वळतो, तो ते आळे आधीच भरलेले असते. एवढीच कथा, आणि तिचे नाव ‘ओलीत’. पुढील सर्व विवेचन या नावास धरून करू.

अशा चित्रपटाची पहिली नामावली विद्यार्थी कशी करितात, हे सांगणे कठीण नाही. लाल अक्षरे, त्यांतून ओघळणारे रक्त, मधूनच चमकणारी वीज, एखादी कवटी, आणि या सर्वांवर कोल्हेकुई. यांत दोष हा की, जे दाखवावयाचे ते सर्व पहिल्या क्षणीच दाखवून झालेले असते. भय हे दिसलेल्या वस्तूचे थोडे व अर्धवट दिसलेल्या वस्तूचे अधिक वाटते. नामावलीत दाखवावयाची वस्तू म्हणजे मुख्यत्वे अक्षरेच. तेव्हा अक्षर अर्धवट ठेवणे व वाचकास क्षणभर अडवून धरणे, यातच या कलेचे मर्म आहे, असे माझे मत आहे.

परदेशी चित्रपटांतील तीन नमुने या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. 1960 सालच्या ‘सायको’ची नामावली सॉल बॅस याने केली. तीत सरळ करड्या पट्ट्या पडद्यावर आडव्या-उभ्या धावतात आणि नावांचे तुकडे करून ती पुन्हा जुळवितात. बर्नार्ड हरमनने तिला केवळ तंतुवाद्यांचे संगीत दिले. रक्ताचा एक थेंब नाही, परंतु मन अस्वस्थ होते. 1978 च्या ‘हॅलोवीन’मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर आत दिवा लावलेला एक कोरीव भोपळा आहे, आणि नावे येत असता कॅमेरा त्याच्याकडे हळूहळू सरकत जातो, दुसरे काहीच घडत नाही. एक भोपळा, एक दिवा व धीर, एवढेच ज्याचे भांडवल ते आपल्याही आवाक्यातले आहे. तिसरा नमुना 1979 चा ‘एलियन’. तेथे अंतराळाच्या काळोखात प्रथम काही उभ्या-तिरप्या रेघा उमटतात. त्या अक्षरे आहेत हे आरंभी कळत नाही; एकेक रेघ वाढत जाते आणि मग नाव वाचता येते.

या तिसऱ्या युक्तीस आपली देवनागरी लिपी रोमनपेक्षा अधिक अनुकूल आहे. आपल्या अक्षरास उभा दंड आहे, वळणे आहेत, वेलांट्या-मात्रा आहेत, आणि सर्वांस एकत्र बांधणारी शिरोरेषा आहे. ‘ओलीत’ हा शब्द घ्या. त्यात ‘ओ’चे दोन, वेलांटीचा एक व ‘त’चा एक असे चार उभे दंड आहेत. काळोखात प्रथम हे चारच दंड दिसू द्यावेत; बागेतील झाडांची खोडे विजेरीच्या झोतात दिसतात तसेच ते दिसतील. नंतर ‘ल’च्या पाकळ्या व ‘त’चे वळण उमटावे. तरीही वाचक अडखळतो, कारण शिरोरेषेवाचून आपल्या डोळ्यांस शब्द सलग लागत नाही. शेवटी शिरोरेषा डावीकडून उजवीकडे ओढली जाते आणि त्या क्षणी शब्द उघडतो. मोडी लिहिताना रेघ आधी आखीत व अक्षरे मागाहून तिला लटकवीत. आपण येथे नेमके उलटे करावयाचे आहे.

ओघात एक गोष्ट सांगून ठेवतो. संगणकावरील कित्येक टंकांत ‘ल’ हिंदी वळणाचा, म्हणजे उजवीकडे पूर्ण दंड असलेला येतो. महाराष्ट्र शासनाने 2009 साली वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ सांगितले आहेत. हिंदी वळणाचा ‘ल’ घेतला तर चारांचे पाच दंड होतील आणि पाकळ्या बाजूस पडतील. यास्तव आयत्या टंकाच्या मागे न लागता नाव हातानेच काढावे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे जाहिरातींसाठी हाताने रेखाटली, आणि नाटकाचा स्वभाव अक्षरांच्या वळणातच दिसावा ही दृष्टी रूढ केली. 2020 साली ते निवर्तले. त्यांची अक्षरे ज्यांस मिळतील त्यांनी जरूर न्याहाळावीत.

आता कृती. शाळेची काळी पाटी किंवा काळ्या दगडाची गुळगुळीत फरशी घ्यावी. खोली अंधारी करून एकच विजेरी अगदी खालच्या अंगाने, तिरपी धरावी. मग कुंचल्याने पाटीवर साध्या पाण्याने ‘ओलीत’ असे लिहावे. ओली अक्षरे त्या प्रकाशात चकाकतात. उभे दंड भरपूर पाण्याने ओढावेत, वळणे बेताच्या, आणि शिरोरेषा अगदी निथळलेल्या कुंचल्याने सर्वांत शेवटी. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे पाणी पाहता पाहता उडू लागते. जेथे पाणी कमी तेथे ते आधी वाळते. म्हणून शिरोरेषा प्रथम नाहीशी होते, मग वळणे, आणि दंड सर्वांच्या मागून. हे टिपून घ्यावे व संकलन करिताना उलटे चालवावे, म्हणजे कोरड्या दगडातून आपोआप पाणी फुटून प्रथम दंड, मग वळणे आणि अखेर शिरोरेषा उमटलेली दिसेल. कथेतील आळे जसे कोणी न भरता भरते, तसेच हे नावही कोणी न लिहिता लिहिले जाते. जी युक्ती कथेच्याच पोटातून निघते तीच घ्यावी; नुसती चमत्कृती असेल तर ती सोडून द्यावी.

पाणी वाळावयास 4 मिनिटे लागत असतील तर दर सेकंदास एक याप्रमाणे 240 चित्रे घ्यावीत. सेकंदास 24 चित्रांच्या गतीने ती 10 सेकंदांत संपतात, आणि नावासाठी तेवढा वेळ योग्य आहे. कॅमेरा हलता कामा नये, व उजेडाचे प्रमाण आणि केंद्र ही दोन्ही आधीच बांधून ठेवावीत. नाहीतर यंत्र आपल्या बुद्धीने उजेड कमी-अधिक करीत राहते. ही रीत आपणांकडे मुळीच नवी नाही. छायाचित्रण व छपाई या दोन्ही धंद्यांत मुरलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली, ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवावे म्हणून, कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे महिनाभर थोडी थोडी करून टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती पडद्यावर सलग दाखविताच मिनिटभरात रोप उगवताना पाहून पाहणारे थक्क झाले. आपण रोप वाढविण्याऐवजी पाणी वाळवितो, इतकाच फरक.

ध्वनीविषयी थोडेच सांगतो. रात्री बागेत जे ऐकू येते तेच टिपावे: पंपाची घरघर, रातकिडे, दांडातून वाहणारे पाणी, दूरवर टिटवी. शिरोरेषा ओढली जाण्यापूर्वी दोन सेकंद हे सर्व एकदम बंद करावे. रातकिडे अकस्मात थांबले म्हणजे जवळपास कोणी आहे, हे शेतावर राहणाऱ्या माणसास कोणी शिकवावे लागत नाही.

यापुढील गोष्ट अधिक गंभीर आहे. भयपटाच्या आरंभी ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी घालण्याचा मोह विद्यार्थ्यांस फार होतो. एका ओळीत भय दुप्पट होते हे खरेच आहे. 1999 साली अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ नावाचा चित्रपट आला. फ्लोरिडातील विद्यापीठात शिकलेल्या दोघा तरुणांनी तो अल्प खर्चात केला होता. आरंभी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत असा मजकूर होता की, 1994 च्या ऑक्टोबरात तीन विद्यार्थी मेरीलँड राज्यातील बर्किट्सव्हिल गावाजवळच्या रानात नाहीसे झाले आणि वर्षाने त्यांनी टिपलेले चित्रण सापडले. हे सर्व कल्पित होते, परंतु गाव खरे होते व पात्रांस नटांचीच खरी नावे दिली होती. लोकांनी त्या लहानशा गावाकडे धाव घेतली, गावाच्या नावाच्या पाट्या चोरून नेल्या; आणि त्यातील नटीच्या आईस मुलीच्या निधनाबद्दल सांत्वनाची पत्रे आली.

तेथे पाट्या गेल्या. आपणांकडे याहून अधिक जाऊ शकेल. आपल्या भागात कित्येक विहिरींच्या काठी कोणा ना कोणा घरचे खरे दुःख बसलेले आहे. कर्जापायी वा नापिकीपायी जीव दिलेल्या माणसाची पत्नी व मुले त्याच गावात, कदाचित तुमच्याच वर्गात असतात. ती विहीर नामावलीत दाखवून खाली ‘सत्य घटना’ असे लिहिणे म्हणजे त्या घरावर भुताचा शिक्का मारणे होय. तसेच एखाद्या एकाकी वृद्धेचे घर किंवा तिची पाठमोरी आकृती घेतली, तर चित्रपट दहा मिनिटांत संपतो, परंतु तिच्या नावाची कुजबुज संपत नाही. करणी-भानामतीचा आळ घेऊन कोणास छळणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. सबब नामावलीतील विहीर, घर, वाट अशी निवडावी की ती कोणाची हे पाहणाऱ्यास ओळखता येऊ नये. आणि ‘सत्य घटना’ ही पाटी काढूनच टाकावी. तिच्यावाचून भय उत्पन्न होत नसेल तर अक्षरांवर पुन्हा मेहनत करावी. 2017 साली प्रदर्शित झालेल्या ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटाने उसाच्या फडाएवढ्या नित्याच्या वस्तूतून भय निर्माण केले. संत्र्याची बाग त्याहून कमी काळोखी नाही.

पहिला खर्डा तयार झाल्यावर खरे काम सुरू होते. तो एकदा आवाज बंद करून पाहावा व एकदा डोळे मिटून ऐकावा. दोहोंपैकी एकात काहीच शिल्लक राहत नसेल तर तेथे उणीव आहे. मग एकेक गोष्ट काढून पाहावी. वीज काढली आणि भय तसेच राहिले, तर वीज कायमची गेली. पुढे लांबी मोजावी. दहा मिनिटांच्या चित्रपटास पाऊण मिनिटाची नामावली पुरे: सहा नावे प्रत्येकी 4 सेकंद, शीर्षक 10 सेकंद, आणि उरलेले 11 सेकंद नुसता काळोख. हा काळोख वाया गेला असे समजून त्यात काही भरू नये.

यानंतर कथा ठाऊक नसलेल्या पाच-सहा जणांस नामावली दाखवून दोनच प्रश्न विचारावेत: चित्रपटाचे नाव काय, आणि पुढे काय होईल असे वाटते? नाव कोणासच सांगता आले नाही तर अक्षर फार लपले. सर्वांनी कथा अचूक सांगितली तर आपण फार बोललो. नाव सर्वांस कळावे व पुढचे प्रत्येकास निराळे वाटावे, इतपत होईतो दुरुस्ती करीत राहावे.

शेवटची पाहणी मोबाइलवर न करिता शाळेच्या सभागृहातील पडद्यावरच करावी. लहान पडद्यावर दिसणारा मंद उजेड मोठ्या पडद्यावर पुष्कळदा नाहीसा होतो, आणि त्याबरोबर बारीक वेलांट्या व अनुस्वारही जातात. आपल्या लिपीत एका टिंबाने ‘चिंते’ची ‘चिता’ होते, हे विसरू नये. नावेही एकदा तपासावीत. विशेषतः ज्यांनी आपली बाग रात्रीपुरती वापरावयास दिली त्यांचे नाव ते स्वतः कसे लिहितात हे घरी जाऊन विचारून घ्यावे, आणि पडद्यावर ते पूर्ण 4 सेकंद, शिरोरेषेसह, स्वच्छ दिसते की नाही ते मागच्या रांगेत बसून पाहावे.