नेम आणि पायाखालची जमीन
(‘ग्रीन ॲरो’ या लघुपटाचा एक अभ्यास)

द्वितीय वर्ष कला

कार्टून म्हणजे लहान मुलांची करमणूक, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. माझीही होती. वसतिगृहातील एका मैत्रिणीने तिच्या मोबाइलवर ‘ग्रीन ॲरो’ हा लघुपट लावला, तेव्हा जेवणाची घंटा होईपर्यंत वेळ जावा एवढ्याच हेतूने मी तो पाहायला बसले. ११-१२ मिनिटांत तो संपला. पण त्यातला एक प्रश्न मनात घर करून राहिला. नेम धरणाऱ्याच्या पायाखालची जमीनच कोणी हलवली, तर त्याच्या कौशल्याचे काय होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने त्या लघुपटाचा विचार करण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ग्रीन ॲरो हा अमेरिकन चित्रकथांतील धनुर्धर नायक. मॉर्ट वाइसिंगर आणि जॉर्ज पॅप यांनी तो निर्माण केला आणि १९४१ साली तो वाचकांसमोर आला. सुपरमॅनप्रमाणे त्याला उडता येत नाही, गोळी लागली तर तो मरू शकतो. त्याच्याजवळ आहे ते धनुष्य, बाण आणि हाताला लागलेले वळण. हे वळण कसे लागले याची कथा जॅक कर्बी यांनी चित्रित केली व ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. ऑलिव्हर क्वीन हा श्रीमंत माणूस जहाजावरून समुद्रात पडतो, एका निर्जन बेटाला लागतो आणि पोट भरण्यासाठी स्वतः धनुष्य करून शिकार करायला शिकतो. म्हणजे त्याचा गुरू कोणी ऋषी नव्हता, भूक होती. मात्र बेटावरून सुटका झाल्यावर त्याची श्रीमंती त्याची वाट पाहत होती, हेही विसरून चालणार नाही.

आपला लघुपट २०१० सालचा. ‘डीसी शोकेस’ या लघुपटमालेतील हा एक. ज्वाकिम डॉस सॅन्टोस यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि ग्रेग वाइसमन यांनी लेखन. नायकाला नील मॅकडॉनो यांचा आणि मर्लिन या खलनायकाला माल्कम मॅकडॉवेल यांचा आवाज आहे. कथानक साधे आहे. ऑलिव्हर आपल्या प्रेयसीला आणण्यासाठी विमानतळाकडे निघाला आहे. तिला मागणी घालायची म्हणून अंगठीही बरोबर घेतली आहे. वाटेत गर्दी, कारण व्लाटावा नावाच्या एका काल्पनिक देशाची राजकन्या पर्डिटा त्याच वेळी येत आहे. तिचे वडील वारले आहेत आणि गादी आता तिची आहे. त्या गादीवर डोळा असलेल्या काउंट व्हर्टिगोने तिला मारण्यासाठी मर्लिन या धनुर्धराला नेमले आहे. ऑलिव्हर त्या मुलीला वाचवायला धावतो.

येथे चित्रकारापुढील एक अडचण सांगितली पाहिजे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. ११ मिनिटांचा हिशेब केला, तरी १५,८४० चौकटी होतात. आता ऑलिंपिक खेळाडूच्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे ६० मीटर जातो. म्हणजे एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत तो अडीच मीटर पुढे गेलेला असतो. दहा मीटरवरच्या शत्रूवर बाण सोडला, तर चार चौकटींत सारे आटोपते! डोळ्याची पापणी लवेपर्यंत खेळ संपला. म्हणून धनुर्धराची कथा चित्रांतून सांगणाऱ्याला केवळ बाणावर विसंबून चालत नाही. त्याला काढावी लागते ती ओढलेली दोरी, ताठ झालेला खांदा, रोखलेली नजर आणि रोवलेले पाय. बाण सुटण्यापूर्वीचा माणूस हाच खरा चित्रविषय होतो. प्रत्यक्ष धनुर्विद्येतही पहिला धडा उभे राहण्याचाच असतो. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरच्या लक्ष्यातले सर्वांत आतले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटीमीटर व्यासाचे असते. इकडे पाय किंचित सरकला तर तिकडे बाण कुठच्या कुठे जातो.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे लेखकाने नायकापुढे दोन शत्रू का उभे केले ते कळते. पहिला मर्लिन. तोही धनुर्धर, तोही निष्णात. त्याच्याशी होणारा सामना कौशल्याचा आहे, आणि तो ऑलिव्हर जिंकतो. एखादा सामान्य लेखक इथेच थांबला असता. परंतु त्यानंतर स्वतः काउंट व्हर्टिगो येतो. व्हर्टिगो या शब्दाचा अर्थच भोवळ. समोरच्याचा तोल घालवणे ही त्याची शक्ती. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा आपल्या कानाच्या आतल्या भागात असते. ती बिघडली की स्थिर जमीनही फिरू लागते. मूळ चित्रकथांत या काउंटच्याच कानात जन्मतः दोष आहे. त्यावर उपाय म्हणून डोक्यात बसवलेल्या उपकरणाचा वापर तो पुढे इतरांचा तोल घालवण्यासाठी करतो. अशा माणसापुढे जगातला उत्तम नेमबाजही दुबळा ठरतो. त्याची विद्या कुठे गेलेली नसते, ती ज्या जमिनीवर उभी होती ती मात्र गेलेली असते.

मग ऑलिव्हरला वाचवतो कोण? त्याची प्रेयसी, ब्लॅक कॅनरी. तिचे शस्त्र म्हणजे तिचा आवाज. तिच्या किंकाळीने व्हर्टिगो कोसळतो. नायकाच्या नावावर असलेल्या लघुपटात निर्णायक घाव त्याच्या बाणाने होत नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटले.

नाताळच्या सुट्टीत मी मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावी गेले होते. ज्वारीचे दाणे भरू लागले होते आणि आई पाखरे राखायला माळ्यावर जात असे. मीही बरोबर गेले आणि तिथेच तिला हा लघुपट दाखवला. इंग्रजी तिला कळत नाही, मलाही सगळे कळले होते असे नाही. चार मेढींवर बांधलेल्या त्या माळ्यावर बसून, मांडीवर गोफण ठेवून तिने तो शेवटपर्यंत पाहिला. व्हर्टिगोपुढे ऑलिव्हर झोकांड्या खाऊ लागला तेव्हा ती म्हणाली, “आदी पाय रोवायचं, मग हात उचलायचा. माळा हलला तर गुंडा कुठं जाईल, नेम न्हाई.” आणि ब्लॅक कॅनरी किंचाळली तेव्हा आईला हसू आवरेना. “आगं, पाखरं आवाजानंच उठत्यात. गुंडा मागनं जातो,” असे म्हणून तिने उभे राहून अशी काही आरोळी ठोकली की पलीकडच्या तुकड्यातला थवा भुर्रकन उठला. गोफण तिच्या हातातच होती.

वर्गात समीक्षेचे जे सिद्धान्त मी शिकते आहे, त्यांच्या आधाराने मला जे मांडायला चार पाने लागली असती ते आईने दोन वाक्यांत सांगितले. तिला लिहिता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच.

ही आठवण इथे देण्याचे कारण आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरात माझे शिक्षण थांबवण्याचा विषय निघाला. एक स्थळ आले होते. मला प्रथम वर्षात चांगले गुण होते, वक्तृत्वाचे बक्षीसही होते, पण वडीलधारी मंडळी बोलू लागली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. भिंती फिरताहेत असे वाटत होते. चुलीपाशी बसलेली आई, जी सासऱ्यांसमोर कधी डोके वर करून बोलली नव्हती, ती मोठ्याने म्हणाली, “तिसरं वरीस हुईस्तवर ह्यो विषय काढायचा न्हाई.” सगळे गप्प झाले. विषय संपला असे मी म्हणणार नाही; तो पुढच्या वर्षापर्यंत गेला आहे. पण आज मी हा लेख लिहिते आहे, ती त्या आवाजामुळे.

आपण विद्यार्थी अभ्यासाचे, जिद्दीचे गोडवे गातो, आणि ते योग्यच आहे. परंतु एखाद्याचा नेम चुकला की त्याने सराव केला नसेल असे म्हणून मोकळे होतो. तो उभा होता ती जागा स्थिर होती काय, हे क्वचितच विचारतो. हा छोटा लघुपट ते विचारतो, म्हणून तो मला मोलाचा वाटला. त्यात उणिवाही आहेत. नायकाचा हात इतका तयार कसा झाला याची झलक त्यात नाही. बेट नाही, भूक नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे जिच्यासाठी हे सारे घडले ती राजकन्या बहुतेक वेळ वाचवून घेण्यापुरतीच आहे.

ही उणीवही माझ्या आधी आईच्याच लक्षात आली. शेवटी ऑलिव्हर अंगठी पुढे करतो आणि लघुपट संपतो. मोबाइल माझ्या हातात परत देत आईने विचारले, “आन् ती बारकी पोर गं? तिला गादी मिळाली का न्हाई?”

ते त्यात दाखवलेले नाही, असे मी तिला सांगितले.