आवडीत बिऱ्हाड मांडलंस, आता तेलाचं ऐक

पोरी, अंबरनाथहून जावईबापूंची बदली चेन्नईजवळच्या आवडीतल्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत झाली, क्वार्टरही मिळालं, फार बरं झालं. पण त्यांना डायबेटिस आणि वर कोलेस्टेरॉल, म्हणून स्वयंपाकघर लावतानाच तेलाचं नीट ठरवून टाक.

दुकानात ‘नल्लेण्णै’ माग, तिळाचं तेल मिळेल. ‘कडलै एण्णै’ म्हणजे आपलं शेंगदाण्याचं. दोन्ही चांगली, आलटूनपालटून वापर. तमिळनाडूत रेशनवर पामतेल स्वस्त मिळतं, पण त्यात ४० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते आणि तिने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. खोबरेलात तर ती ९० टक्क्यांच्या घरात. अवियलवर कधी चमचाभर सोडलंस तर ठीक, रोजच्या फोडणीला नको. बाटलीवरच्या ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ला भुलून जास्तीचे पैसे मोजू नकोस, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसल्यात जमा असतं.

घाण्याचं तेल आण, वासाला छानच असतं. मात्र ते औषध आहे असं समजून हात सैल सोडू नकोस. चहाच्या चमचाभर तेलात ४० ते ४५ कॅलरी, मग ते कुठलंही असो. माणशी महिन्याला अर्धा लिटर हा हिशोब धर. तुम्ही चौघं, म्हणजे दोन लिटर, ते एक तारखेलाच वेगळं काढ आणि फोडणीला पळीऐवजी चमचा घे. इडलीबरोबरच्या पोडीकडे, म्हणजे कोरड्या चटणीकडे, खास लक्ष ठेव. मधोमध खळगा करून त्यात तेल ओततात, दोन-तीन चमचे कसे जातात कळतही नाही. एक चमचा घाल, बाकी दह्याने सैल कर.

तेलाने साखर लगेच चढत नाही, म्हणून वडे-भजी चालतात असं कुणी सांगेल. ऐकू नकोस. तेलकट खाणं पोटात रेंगाळतं, साखर उशिरा चढते आणि बराच वेळ उतरत नाही. दोन तासांनी मीटरवर बरा आकडा दिसला तरी निर्धास्त राहू नका. पोटाचा घेर आणि यकृतातली चरबी वाढली की इन्सुलिन असूनही लागू पडत नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो.

सणाला तळलंस तर कढईत थोडंच तेल घे. उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत भाजीला संपव, पुन्हा तळणीला नको. काळपट, चिकट झालं किंवा फेस धरू लागलं तर सरळ टाकून दे.

आणि तेल कमी करून भाताचा ढीग तोच ठेवलास तर हाती काही लागणार नाही. भात थोडा कमी कर, त्या जागी सुंडल, म्हणजे उकडून परतलेले हरभरे, किंवा मूठभर शेंगदाणे वाढ. पण त्यांच्या गोळ्या चालू आहेत, भात एकदम तोडलास तर साखर फार खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचार, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि लिपिड प्रोफाइल एकाच दिवशी करून घे.