दोन संगणक, एक मजकूर

तुमच्या दप्तरात उर्दूची वही असते आणि मराठीचीही असते. उर्दूची वही तुम्ही उजवीकडून उघडता, मराठीची डावीकडून. उर्दूचा तास संपून मराठीचा सुरू झाला की तुमचा हात आपोआप वळतो. मराठी शिकू लागलात तेव्हा मात्र तो नक्कीच अडखळला असेल!

दोन प्रकारच्या संगणकांवर काम करणाऱ्याचेही असेच होते. तुमच्या शाळेतील संगणकावर बहुधा 'विंडोज' असेल. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची पहिली आवृत्ती १९८५ साली आणली. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १९८४ मध्ये, ॲपल कंपनीने 'मॅकिंटॉश' हा संगणक बाजारात आणला होता. त्यालाच थोडक्यात 'मॅक' म्हणतात. छपाईच्या धंद्यात मॅक फार वर्षांपासून वापरला जातो.

मी उर्दू शाळेत शिकवतो. माझ्या घरी विंडोजचा संगणक आहे. आमच्या शाळेचा वार्षिक अंक जिथे छापला जाई, त्या छापखान्यात मॅक होता. अंकाच्या कामासाठी मला दोन्हींवर बसावे लागे.

सुरुवातीला माझी फार फजिती झाली. विंडोजवर खिडकी बंद करण्याची फुली उजव्या कोपऱ्यात असते. मॅकवर डाव्या कोपऱ्यात लाल गोल असतो. तो दाबला की खिडकी जाते, पण प्रोग्राम बहुधा चालूच राहतो. विंडोजवर निवडलेली फाइल उघडायला 'एंटर' कळ दाबतात. मॅकवर तीच कळ दाबली की फाइल उघडत नाही, तिचे नाव बदलायची तयारी होते! मला हे माहीत नव्हते. मी एंटर दाबून टाइप करू लागलो आणि फाइलचे नावच बदलून बसलो. मग अर्धा तास जुन्या नावाने ती शोधत होतो.

मजकुराची नक्कल करायला विंडोजवर 'कंट्रोल' आणि 'सी' या कळा एकत्र दाबतात. मॅकवर 'कमांड' आणि 'सी'. कमांडच्या कळेवर चार कोपऱ्यांना चार वेटोळी असलेला एक चौकोन असतो. सुझान केअर या चित्रकर्तीने तो निवडला. स्वीडन देशात प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर हेच चिन्ह असते.

असो. कळांची सवय आठ दिवसांत होते. खरी अडचण पुढेच होती.

२००८ सालची गोष्ट. अंकाचा मराठी विभाग मी एका जुन्या फाँटमध्ये टाइप केला होता आणि उर्दू विभाग 'इनपेज'मध्ये. दोन्ही फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन मी संध्याकाळी छापखान्यात गेलो. सकाळी छपाई सुरू व्हायची होती. मराठीची फाइल मॅकवर उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. मुलांच्या कवितांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र खुणा होत्या. उर्दूची फाइल तर उघडलीच नाही.

असे का झाले? संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली होती. माझ्या घरी तो फाँट होता, म्हणून तिथे 'क' दिसत होता. छापखान्यात तो नव्हता, म्हणून त्याच क्रमांकाचे इंग्रजी अक्षर दिसले. मजकूर हरवला नव्हता, पण वाचता येत नव्हता. ('मजकूर' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे ना? उर्दूत 'मज़कूर' म्हणजे 'ज्याचा उल्लेख झाला तो'. मराठीत त्याचा अर्थ 'लिहिलेली गोष्ट' असा झाला.)

उर्दूची गोष्ट आणखी वेगळी. नस्तालीक लिपीत अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते आणि ओळीत तिरके उतरते. त्यामुळे उर्दू वर्तमानपत्रे कित्येक वर्षे कातिब हाताने लिहीत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी 'नूरी नस्तालीक' तयार केली आणि हजारो अक्षरजोड यंत्रावर आले. १९९४ मध्ये आलेल्या इनपेजमुळे घरच्या संगणकावरही नस्तालीक लिहिता येऊ लागली. पण इनपेज विंडोजसाठी बनवलेले होते. मॅकला त्याची फाइल कळेना.

मी शेवटची बस पकडून घरी गेलो. दोन्ही विभागांच्या पीडीएफ फाइली केल्या. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकारही सोबत ठेवता येतात, म्हणून ती दोन्ही संगणकांवर सारखीच दिसते.

आता मी 'युनिकोड'मध्येच लिहितो. झेरॉक्स कंपनीतील जो बेकर आणि ॲपलमधील ली कॉलिन्स व मार्क डेव्हिस यांनी या कामाची सुरुवात केली. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. यात प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. मराठी 'क' चा २३२५, उर्दू 'काफ'चा १७०५. विंडोज असो की मॅक, क्रमांक तोच. म्हणून तुम्ही मोबाइलवर लिहिलेला शेर दोन्हीकडे वाचता येतो. इनपेजच्या पुढच्या आवृत्त्यांतूनही मजकूर युनिकोडमध्ये काढता येतो.

त्या सकाळी पीडीएफ बरोबर उघडली. मग एका मुलीच्या नावाकडे लक्ष गेले. घाईत मी 'झे'च्या जागी 'रे' टाइप केला होता. एका नुक्त्याचा फरक! पण मॅकवर इनपेज नव्हते आणि घरी परत जायला वेळ नव्हता. पाने तशीच छापली.

अंक शाळेत आले तेव्हा ती मुलगी आणि मी ग्रंथालयात बसलो. प्रत्येक प्रतीत काळ्या शाईच्या पेनाने आम्ही तेवढा एक नुक्ता दिला. निम्म्या प्रती तिने केल्या, आणि तिचे नुक्ते माझ्यापेक्षा नीट आले.